कॉम्प्युटरचे पिवळे दात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! हा किस्सा माझ्या घरचे सगळीकडे सांगत फिरतात. ते सांगतात तेव्हा त्यात मी फार मूर्ख दिसते. मी सांगते तेव्हा जरा कमी दिसते. म्हणून म्हटलं, मीच सांगते.

भंडाऱ्यात आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण रद्दीवर झालं. पाण्याचा गुंड, म्हणजे पितळेची मोठी घागर, गिऱ्हाइकाला कागदात गुंडाळून द्यायचा, तर तो कागद मी आधी वाचून काढायची. गिऱ्हाईक उभं राहायचं तोवर! त्यामुळे "तुम्हाला नाही समजणार" असं कोणी म्हटलं की माझं डोकं तापतं. मुलानं घरी कॉम्प्युटर आणला आणि नेमकं तेच म्हणाला. झालं! पावसाळा संपायच्या आत मी एका बोटानं मराठी टाइप करायला लागले.

त्यात नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. भर बैठकीत, तुमसरच्या व्याह्यांसमोर मी जाहीर करून टाकलं, "भांडे तर सगळेच देतीन. मी पोरीले लग्नाच्या गाण्याचं पुस्तक देईन. माह्या हातानं टाइप केलेलं!"

हळदीची, मांडवाची, वरमाईला चिडवायची गाणी. ती म्हणणाऱ्या बाया एकेक करून गेल्या, आता पाठ आहेत ती मलाच. म्हणजे पुस्तक झालं नाही तर माझं नाक जाणारच होतं, पण गाणीही माझ्याबरोबरच जाणार होती.

आणि एके दुपारी, वरमाईचं गाणं अगदी रंगात आलेलं असताना, स्क्रीन फटकन निळी! तिच्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजी शिवीगाळ. मग काळोख. मग आपलं आपणच चालू, जसं काही झालंच नाही. गाणं गायब!

"आई, तुमी काही दाबलं का?" सुनेनं विचारलं.

"मी काय दाबीन? गाणं लिहून राहिली होती मी!"

ही वंदना, प्रणालीची आई. फार कमी बोलते. नवी नवरी होती तेव्हा हिनं बिनकल्हईच्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, कढी करून ठेवली होती. त्या दिवशी मी जे भाषण दिलं ते अर्ध्या गल्लीला पाठ आहे. तेव्हापासून ती कमीच बोलते.

बाजारातला कॉम्प्युटरवाला दिनेश आला. डबा उघडला, आतून एक हिरवी पट्टी काढली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग.

"काकू, हे रॅम. याचे दात मळले का निळी स्क्रीन येते."

असं म्हणून त्यानं खिशातून काय काढलं असेल? खोडरबर! घासघास घासलं, फुंकर मारली, पट्टी बसवली.

"दिनेश, तू कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिला का पोरायची वही पुसून राहिला?"

"पाहा न जी, चालू झाला का नाही?" तो म्हणाला. "आता तुमी याले हात लावू नका. अन् याच्यात दोन भाग आहेत, सी अन् डी. सीमधे काही झालं तरी डीमधलं वाचते. गाणे डीमधे ठेवत जा."

"समजलं. भंडारा अन् गोंदिया," मी म्हटलं. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झालेले मी पाहिलेत, मला काय शिकवतो!

आठवड्यानं पुन्हा निळी.

आता तुम्हीच सांगा. पिवळे दात मळलेत. आणि कोणाच्या घरी? जिनं जन्मभर पितळ घासलं तिच्या घरी! त्या खोडरबरवाल्याला पुन्हा कशाला बोलवायचं? मी डबा उघडला, पट्टी काढली आणि सरळ मोरीवर बसले. चिंच, मीठ, चिमूटभर राख. असे दात चमकले म्हणता! वरचं पिवळं जाऊन आत तांबूस लागलं, तर मी मनात म्हटलं, बघा, माल अस्सल आहे! धुतली, सुपात उन्हात वाळवली, बसवली. चालू! त्या दिवशी दोन गाणी झाली.

दोन दिवसांनी पुन्हा निळी. मी पुन्हा चिंच. दुसऱ्या दिवशी निळी. पुन्हा चिंच, आणि मीठ दुप्पट. मग तर मांडवाचं गाणं मांडवापर्यंतही पोचेना. मी जितकी घासायची तितका तो निळा व्हायचा! घरात वरणाला चिंच उरेना. वंदना बरणीत डोकावायची, माझ्याकडे बघायची आणि झाकण घट्ट लावून टाकायची.

लग्न जवळ आलेलं. प्रणाली म्हणाली, "आजी, राहू दे न पुस्तक. तू फक्त ये."

राहू दे? माझं डोकं जे भणाणलं ते थेट एका निष्कर्षावर जाऊन थांबलं. माझ्या हातचं पितळ कधी खराब होत नाही. मग पट्टीच नकली! दिनेशनं त्या दिवशी असली काढून नकली घातली!

तडक बाजारात गेले. दिनेशच्या दुकानासमोर उभी राहून सुरू केलं, "लोकहो, याच्याकडे कॉम्प्युटर देऊ नका! हा माल बदलते!"

दिनेश काउंटरवरून उडी मारून बाहेर आला. "काहून काकू? कोणता माल? चला तुमच्या घरी, सगळ्यायच्या समोर उघडतो!"

"चाल! मीच उघडते!"

अर्धा बाजार आमच्या ओसरीवर आला. गल्लीतल्या बाया तर आधीच हजर. मी पदर खोचला, पट्टी काढली आणि आरतीचं निरांजन धरावं तशी उंच धरली. "पाहा! एवढी लखलखीत ठेवली मी, तरी..."

लखलख कसली? दात हिरवेगार! मधे मधे चिंचेची शीर अडकलेली. जिथं पट्टी बसते ती खाचही हिरवी.

दिनेशनं पट्टी नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग तो जमिनीवरच बसला, हसून हसून त्याला उभं राहवेना.

"काकू, मी नकली नाही बसवली जी! पण आता हे असली बी नाही राहिली!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून वंदना. हळू, गोड आवाजात, सगळ्या गल्लीसमोर.

"आई, आंबट पितळेत ठेवलं का कळकते. तुमीच सांगत होत्या न, कढीच्या वेळी?"

पंचवीस वर्षं तिनं ते वाक्य कल्हई करून ठेवलं होतं बघा!

मी हरले, पण अर्धवट हरणाऱ्यातली मी नाही. ज्या आवाजात दिनेशला बोलले, त्याच आवाजात दुसऱ्या दिवशी त्याच जागी ओरडले, "लोकहो, दिनेशचा माल असली आहे! अक्कल माहीच नकली!" तो म्हणाला, "काकू, पुरे जी, गिऱ्हाईक भिऊन राहिले!"

नवी पट्टी बसली. गोंदियात ठेवलेली गाणी सगळी शाबूत होती. उरलेली मी एका बोटानं पुन्हा टाइप केली आणि मांडवात पुस्तक प्रणालीच्या हातात पडलं. वरमाईला चिडवायचं गाणं तुमसरच्या वरमाईनंच मोठ्यानं वाचून दाखवलं.

कॉम्प्युटर त्यानंतर कधी निळा झाला नाही. पण चिंचेची बरणी वंदनानं कुलपात ठेवली आहे. या घरात इतकी वर्षं माझा शब्द चालतो, आणि आता वरणात टाकायला बोटभर चिंच मागितली, तर माझी सून किल्ली हातात धरून आधी विचारते,

"कायले पाहिजे जी, आई?"