नावाआधीचा श्वास

नत्थूजी राऊत मेलेल्या माणसाचं नाव घ्यायच्या आधी एक श्वास घेत. ऑटोवरच्या भोंग्यातून तो सगळ्या गल्लीला ऐकू जाई. आधी ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, नाचणगाव येथील रहिवासी’ एवढं येई, मग तो श्वास, मग नाव. त्या श्वासाला पुलगावच्या बाजारात तराजू थांबत. भाजीवाली मेथीची जुडी हातात तशीच धरून उभी राही. नाव आपल्या घरचं नाही हे कळलं की जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडे. पुढचं, म्हणजे अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, हे फार थोडे लोक ऐकत. बाकीचे नंतर आमच्या दुकानावर विचारायला येत.

आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, भांडी आणि साउंड. लग्नाचं आणि मयतीचं सामान एकाच गोदामातून निघतं, त्यामुळे दोन्हीपैकी कशानेच मी फार हलत नाही. नत्थूजी माझ्या सासऱ्यांचे मित्र. माइक आणि भोंगा आमचा, ऑटो आणि आवाज त्यांचा, अशी जुनी व्यवस्था होती. सासऱ्यांना म्हणायची तसं मी त्यांनाही मामाजी म्हणत असे. ते मला सूनबाई म्हणत. माझं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

उंच, वाकलेला माणूस. खांद्यावर पांढरा दुपट्टा. गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा, फक्त मुनादीच्या वेळी तोंड स्वच्छ धुतलेलं. मुनादी म्हणजे दवंडी. पाण्याच्या टाकीची, शिबिराची मुनादीसुद्धा ते देत, पण लोकांनी त्यांना एकाच कामाशी जोडलं होतं. ऑटो दारासमोर थांबला तर घरातली बाई बाहेर येऊन म्हणे, जरा समोर घ्या ना. ते ऑटो पुढे नेत. आजारी माणसाला भेटायला ते कधीच गेले नाहीत. ‘मी गेलो त बिमार माणूस यमदूत आल्यावानी पाह्यते माह्याकडे,’ असं म्हणत आणि हसत. माझे सासरे शेवटच्या आजारात होते तेव्हा महिनाभर संध्याकाळी त्यांचा ऑटो आमच्या कोपऱ्यावर इंजिन बंद करून उभा असे. आत आले ते सासरे गेल्यावर.

त्यांचा दुसरा नियम: ‘डोयानं पाह्यल्याबिगर तोंडानं बोलू नये.’ घरच्यांनी फोन केला तरी ते आधी जाऊन चेहरा बघून येत, मगच माइक हातात घेत. यामागे एक घटना होती. माझं लग्न व्हायच्या आधीची. नाचणगावच्या एका घरून निरोप आला, म्हातारा गेला. मामाजी निघाले. तिसऱ्या गल्लीत मुनादी चालू असताना म्हाताऱ्याने डोळे उघडले. घरच्यांची घाई झाली होती. ऑटो घरावरून गेला तेव्हा म्हातारा जागा होता आणि त्याने आपलं नाव, आडनाव, घरून निघायची वेळ, सगळं ऐकलं. तो आणखी आठ दिवस जगला, पण त्या आठ दिवसांत कुणाशी एक शब्द बोलला नाही. तो तसाही जाणारच होता, असं मी मामाजींना एकदा म्हटलं. ते म्हणाले, ‘जाणारच होता. पण मी त्याले हाक मारली.’

त्यांचा आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही खर्ऱ्याला बोल लावला. डॉक्टरांनीही तोच लावला. मोठ्या दवाखान्यातून ते सरळ दुकानावर आले आणि मंडपाची तारीख सांगावी तसं मला सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, तीन आठवड्यांनी. नंतर बोलता येणार नाही. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, मुनादीचं काय?

‘तेच विचाराले आलो,’ ते म्हणाले.

मोबाइलवर मेसेज येतात हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचं म्हणणं असं की मेसेज एकटा माणूस वाचतो. मुनादी सगळी गल्ली एकदम ऐकते, म्हणून गल्ली एकदम घराबाहेर येते. मी म्हटलं, मग रेकॉर्ड करून ठेवू. मयतीचे शब्द ठरलेले असतात. बदलतं ते नाव, आडनाव, वाडी, वेळ. तेवढे तुकडे वेगवेगळे भरायचे आणि लागतील तसे कॉम्प्युटरवर जोडायचे. माझी कल्पना मला सोपी वाटली. ते बराच वेळ दुपट्ट्याची दशी पिळत बसले. मग म्हणाले, ‘म्हंजे आता जे जिते हायत, त्याईची नावं मी मयतीच्या आवाजात घ्याची.’

मी म्हटलं, हो. दुसरा मार्ग आहे का?

त्यांनी दोन अटी घातल्या. नावं एका दिवशी आणि आडनावं दुसऱ्या दिवशी. जित्या माणसाचं अख्खं नाव एका बैठकीत तोंडून निघता कामा नये. आणि स्टुडिओ ते पसंत करतील.

पहिला नागपूरचा पाहिला. काच, एसी, भिंतींना फोम, मोठा स्क्रीन. मामाजींनी त्या आठवड्यात गेलेल्या एका माणसाचं नाव घेऊन दाखवलं. रेकॉर्डिस्टने दोन मिनिटांत साफ करून ऐकवलं. श्वास गायब. तो म्हणाला, सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं, सगळ्यांना असंच क्लीन लागतं. मामाजी म्हणाले, ‘हा मेला असं वाटून नाई राह्यलं. गाडी लेट हाय असं वाटून राह्यलं.’ रेकॉर्डिस्ट हसला. श्वास हवाच असेल तर तयार श्वासांची लायब्ररी आहे, एखादा लावून देतो, म्हणाला. मामाजींनी दुपट्टा उचलला. जिन्यात मला म्हणाले, ‘कोणाचा श्वास घेऊन कोणाचं मरण सांगू मी?’

वर्ध्याचा स्टुडिओ एका दुकानावरच्या खोलीत होता. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. मामाजींनी तेच नाव घेतलं आणि समोरच्या भिंतीवरून ते हलकंसं परत आलं. मी म्हटलं, पडदे लावले की थांबेल. ते तोवर दारात पोचले होते. ‘धाडलेलं नाव वापस आलं नाई पायजे, सूनबाई.’

तिसरा आर्वीचा. पूर्वी ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवणारा, माझ्याच वयाचा माणूस, आता भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करायचा. जागा म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याची जुनी कोठी. चारही भिंतींना आणि दाराला कापसाच्या जाड गाद्या ठोकलेल्या. दार लागलं आणि आपला आवाज तोंडातून निघून पायाशी पडतो की काय असं झालं. मामाजींनी श्वास घेतला, नाव घेतलं. ते कुठंच गेलं नाही. आम्ही तिघं उभे होतो. मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

‘इथंच,’ मामाजी म्हणाले.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. प्रत्येक नावाची वेगळी फाइल मिळेल का? श्वास प्रत्येक नावाआधी ठेवाल का, की एकच सगळीकडे चिकटवाल? आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल असं जोडायचं सॉफ्टवेअर कोणतं? दोन हार्ड डिस्कवर प्रत द्याल का? त्याने चारही प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. श्वासाबद्दल म्हणाला, प्रत्येक नावाचा श्वास वेगळा असतो बाई, तो कापला तर नाव आंधळं होतं. मी ठरवून टाकलं.

यादी मी मतदार यादीवरून काढली. गावात बातमी फुटलीच. एक दुकानदार नाव काढून टाका म्हणून दोनदा आला. मी म्हटलं, गजानन तुम्ही एकटे नाही, अकरा आहेत. एक म्हातारी मात्र काठी टेकत आली आणि म्हणाली, आवाज चांगला हाय तवर माह्यं भरून घ्या.

पहिल्या दिवशी मी रेकॉर्डिस्टशेजारी हेडफोन लावून बसले. आत मामाजी, हातात यादी. श्वास, नाव. श्वास, नाव. अंजना, अनिल, अरुण. मी खुणा करत होते. चहा झाला. दुपारी ते ‘श’वर आले. शामराव. शालू. मग थांबले. पुढे शोभा होतं. ते नाव गावात डझनभर बायकांचं आहे, त्यामुळे यादीत असणारच होतं. मीच लिहिलं होतं. लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पाणी प्यायले. मग हेडफोनमधून तो श्वास माझ्या दोन्ही कानांत आला आणि त्यांनी माझं नाव घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मान ताठ झाली माझी. मी यादीवर खूण केली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आवाज आणखी खाली गेला होता. आदल्या दिवशीच्या नावांशी आडनावं जुळावीत म्हणून पिच थोडा वर घेता येईल, असं रेकॉर्डिस्ट म्हणाला. मामाजींनी हाताने नको म्हटलं. ‘र’वर आले तेव्हा त्यांनी यादी मांडीवर ठेवली. मी आत गेले. म्हटलं, मामाजी, राऊतांची गावात पन्नास घरं आहेत. तुमच्या एकट्यासाठी त्यांचं काम अडेल.

‘त्याईची मुनादी तू देजो.’

‘मी? मला कुठे येतं?’

‘येईन. माह्यं तू घेजो. तुह्यं मी घेऊन ठेवलं.’ आणि बोट यादीवर पुढे सरकवून म्हणाले, ‘वानखडे अजून बाकी हाय. चाल, बस जागेवर.’

वानखडे माझं आडनाव.

ते दवाखान्यात असताना मी सॉफ्टवेअर शिकून घेतलं. परत आले तेव्हा गळ्याशी छिद्र होतं, त्यावर दुपट्टा. सोबत शाळेतली पाटी आणि पेन्सिल. मी म्हटलं, बसा, जोड कसा लागतो ते दाखवते. कुणाचं नाव घ्यायचं हा प्रश्न होता. दुसऱ्या कुणाचं जोडणं बरं नव्हतं, म्हणून मी माझं जोडलं. लॅपटॉपची वायर भोंग्याला लावलेली आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. दुकानाबाहेर भर बाजारात ‘अत्यंत दुःख होते की’ सुरू झालं. मामाजी खुर्चीवरून उठले. श्वास आला. शोभा आलं. आडनाव यायच्या आत त्यांनी वायर उपटली, तीही अशी की भिंतीतला बोर्ड बाहेर आला. मग पाटी घेतली. पेन्सिल दोनदा मोडली. ‘जित्याचं नाव जोडू नोको.’ समोरचा चहावाला धावत आला होता. मला उभी पाहून तो परत गेला. पुढे महिनाभर त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मुनादी चालली. चेहरा बघून ते दुकानावर येत, पाटीवर नाव, आडनाव, वेळ लिहीत. मी जोडून पेन ड्राइव्ह देई. नशिबाने तेवढ्या काळात राऊतांच्या घरी कुणी गेलं नाही. मग ते ऑटो चालवत निघत, ओठ मिटलेले, आणि डोक्यावरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज गल्लीत पडत राही. लोक आधी भोंग्याकडे बघत, मग त्यांच्या तोंडाकडे. काही बायका खिडकी लावून घेत. मी एकदा मागून स्कूटीवर गेले तेव्हा पाहिलं: नावाआधीचा श्वास आला की त्यांचे खांदे वर जात. रेकॉर्डिंगमधल्या प्रत्येक श्वासाला. स्वतःचा श्वास तेव्हा गळ्याच्या छिद्रातून येत होता, तरी.

दुखणं परत आलं. या वेळी मी रोज भेटायला जात होते. मला पाहून त्यांनी एकदा पाटीवर लिहिलं, ‘तू यमदूत.’ आणि हसले, आवाज न करता.

एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. मी आधी जाऊन चेहरा पाहिला. मग दुकान उघडलं आणि सवयीने लॅपटॉप सुरू केला. नत्थू होतं. राऊत नव्हतं. नाव त्यांच्या आवाजात आणि आडनाव माझ्या, असं जोडून पाहायचं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी सांगितलेलं स्पष्ट होतं. मी तोंड धुतलं, माइक काढला आणि त्यांच्या ऑटोत मागे बसले. नवरा चालवत होता. मी ठरवलं होतं की एका दमात वाचून टाकायचं, कारण मध्ये थांबले तर पुढचं येणार नाही.

‘नाचणगाव येथील रहिवासी’ झालं आणि माझा श्वास आपोआप आत गेला. भोंग्यातून तो मला बाहेरून ऐकू आला. बाजारात तराजू थांबले. मग मी त्यांचं अख्खं नाव घेतलं.

आता राऊतांकडे कुणी गेलं की मुनादी मी देते. बाकीच्यांची त्यांच्याच आवाजात होते. गेल्या वर्षी गावातल्या दोन शोभा गेल्या, दोघींची आडनावं वेगळी. दोन्ही वेळा ती फाइल मीच लावली. वानखडेही लागलं आहे, आमच्या चुलत घरी. एकत्र अजून लागलेलं नाही. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा दोन्ही फाइली नीट उतरल्या का ते एकेक करून ऐकून घेतलं. फोल्डर कुठं आहे ते नवऱ्याला दाखवून ठेवलं आहे, आणि सांगितलंय, आधी डोळ्यांनी बघ, मग जोड.