पॉइंटला लागलेलं कुंकू

यंदाच्या दसऱ्याला आबांची गाडी माझ्यामुळे अडली.

आबा म्हणजे साताऱ्यात ज्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहतो ते. फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी जुनी, उघडी स्पोर्ट्स कार आहे; इंजिनाला दोन कार्बोरेटर. मी जालन्याकडचा, आठवीत शाळा सुटलेला. काम मागायला आलो तेव्हा आबांनी एकच विचारलं होतं, "कान चांगलं हायत का?" त्यांना आता कमी ऐकू येतं. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला. हवेचा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत मी "अजून थोडं" म्हणतो आणि आबा स्क्रू फिरवतात. एवढ्यावर त्यांनी मला घरचा करून टाकलं. ते हातचं जाईल ही धास्ती असते, म्हणून न कळलेल्यालाही मी "कळलं" म्हणतो.

सांगलीला आबांची थोरली बहीण असते. पुढच्या दसऱ्याचा तिला भरवसा नव्हता. सोनं द्यायला या गाडीनंच यायचं आणि तिला कृष्णेच्या घाटापर्यंत फिरवायचं, असं तिनं कबूल करून घेतलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही कार्बोरेटर जुळवले. मग आबांनी डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डबीची, टोपी काढून आतले पॉइंट दाखवले. "ही दोन टोकं उघडली की ठिणगी पडती. ह्यांच्या मधी बोटाचा डागबी चालत न्हाई. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. मला ठिणगी तेवढी कळली होती.

दसऱ्याला सकाळी आबांनी पॉइंट एकवार तपासले, "टोपी बसीव" म्हणाले आणि आंघोळीला गेले. आबांच्या बायकोनं, काकूंनी, पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. पाने-पक्कड पुजून झाले. चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावलं. मग वाटलं, गाडीचा जीव तर आत आहे. ओल्या कुंकवाचं बोट नेमकं त्या दोन टोकांना लावलं, हात जोडले आणि टोपी बसवली.

आपट्याची पानं घेऊन काकू गाडीत बसल्या. स्टार्टर नुसताच फिरत राहिला, इंजिन चालू होईना. आबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. "माझंच काय तरी चुकलं. हात न्हाई ऱ्हायला आता पैला."

हे ऐकवेना. तोवर माझं कुंकू नडलं असेल हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी टोपी उचलली आणि आत लाल दिसलं.

"मी लावलं, आबा."

काकू वाकून बघत म्हणाल्या, "आवं, इंजनाला हळद लागली की. आता अक्षता तेवढ्या ऱ्हायल्या."

दोघंही हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात सांगलीचा फोन आला. "ताई, पॉइंट खराब झालाय. तासभर लागंल," आबा म्हणाले. माझं नावही काढलं नाही.

पेट्रोलात भिजवलेली चिंधी त्यांनी माझ्याच हातात दिली. "कळलं का आता?"

"नाही आबा. परत सांगा."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. काकू उन्हात थांबल्या, बहीण तिकडे सांगलीत.

मी टोकं पुसली, इंजिन लागलं आणि दोघांना घेऊन गाडी गेली. मी ताट विसळत होतो तेव्हा आईचा फोन आला. माझा पोरगा मोटारींचा मिस्त्री झालाय, असं ती गावभर सांगते.

"आज काय केलंस गाडीचं?"

"पूजा केली."

"बरं केलंस," ती म्हणाली.