मॉरीन काठावरून जाते

मॉरीन प्लॅटने सगळी नोकरी बस डेपोत केली. वेळ झाली की गाड्या सोडायच्या, हे तिचं काम. एखादा ड्रायव्हर चहाचा कप घेऊन रेंगाळला, की तिचा आवाज पार रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. अशी बाई निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या हट्टापायी घर विकून कालव्यावरच्या लांबुळक्या बोटीत राहायला आली. आमची बोट त्यांच्या शेजारीच बांधलेली, त्यामुळे त्यांची भांडणं आम्हाला घरबसल्या ऐकू येतात.

नवरा डेरेक हा भला माणूस. फक्त कुठे पोचायचं असतं हेच त्याला पटत नाही.

गेल्या जूनमध्ये मॉरीनच्या बहिणीला, ऑलिव्हला सत्तर वर्षं पूर्ण झाली. पुढच्या गावातल्या पबमध्ये दुपारचं जेवण होतं.

"बसने दहा मिनिटांत पोचू," मॉरीन म्हणाली.

"बोटीने जाऊ ना. सकाळी निघालो की आरामात पोचतो."

'आरामात' म्हटल्यावरच तिचं डोकं तापलं. पण वाढदिवसाला कटकट नको म्हणून ती केक घेऊन बोटीत बसली.

डेरेक सुकाणूपाशी उभा राहिला. बांधलेली बोट दिसली की वेग कमी. काठावर कोणी गळ टाकून बसलेला दिसला की आणखी कमी, वर "काही लागलं का?" ही चौकशी. एक म्हातारी काठी टेकत काठावरून त्यांच्या पुढे निघून गेली. जाताना तिने हातही हलवला.

लॉकपाशी तर कहरच झाला. तिथे दोन फाटकांच्या मध्ये बोट घ्यायची आणि पाणी भरून वर चढवायची. यांचा नंबर आला, तर डेरेकने मागच्या बोटीला पुढे सोडलं.

"का सोडलंस त्यांना?"

"त्यांचं कुत्रं कंटाळलं होतं गं बिचारं."

"आणि मी कंटाळले तर?"

"तुला चहा करू का?"

लॉक ओलांडून थोडं पुढे जातात न जातात, तोच इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. बोटीखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. डेरेक पालथा पडला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि खूप वेळाने पडद्याचा एक लांबलचक तुकडा ओढून काढला.

"मॉरीन, कापड बघ किती छान आहे! अजून रंगही गेलेला नाही."

मॉरीनने केक उचलला, काठावर उडी मारली आणि चालू लागली.

ती वेळेवर पोचली. ऑलिव्हने तिच्या मागे डोकावून पाहिलं. "डेरेक कुठाय? बुडवलास की काय?"

"पाणी कमरेएवढंच आहे, म्हणून वाचला."

जेवण झालं, केक कापला, पाहुणे पांगले. पबवाला टेबलं पुसत होता, तेव्हा डेरेक शीळ घालत आला. हात तेलाने काळे, चेहरा आनंदी. त्याने ऑलिव्हचा पापा घेतला आणि विचारलं, "सुरुवात नाही ना केली अजून?"

ऑलिव्ह इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आता शिक्षा म्हणून मला बोटीने घरी सोड," ती म्हणाली.

"जा जा," मॉरीन म्हणाली. "पुढच्या वाढदिवसाच्या आत पोचलीस तर कळव." आणि ती बस पकडून परत आली.

त्यानंतर मॉरीन चालत्या बोटीत बसलेली नाही. डेरेक निघाला की ती फाटकं उघडायचं हँडल खांद्यावर टाकते आणि काठावरून पुढे जाते. लॉक तयार करून ठेवते, तिथेच उभी राहून तो वळणावर दिसेपर्यंत त्याच्या नावाने बोटं मोडते, आणि दिसला की ओरडते, "कुठे मेला होतास?" तोही पाण्यातून खुशाल हात हलवतो.

मी एकदा तिला म्हटलं, "आता बरंय ना? चालणंही होतं, डोक्याला तापही नाही."

"बरं कसलं डोंबलाचं!" ती म्हणाली. "आधी वाट तरी बसून बघत होते."