मांडीखालचे हात

लोटननाना कॉम्प्युटरच्या सेटअपमध्ये शिरले की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. पडद्यावर निळं पान उघडायचं, हार्ड डिस्कच्या आकड्यांच्या ओळी उमटायच्या, आणि पंचावन्नच्या घरातला हा उंच, वाळकुडा माणूस कोणीतरी दटावून बसवल्यासारखा स्टुलावर गप्प बसून त्या ओळी वाचायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांची कंबर धरली असेल. तसं विचारलंही. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "कंबर चांगली शे माय. हातस्ना भरोसा नही."

जळगावच्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी धुळ्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिथे लागले होते आणि मला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. नानांकडे डिप्लोमा नव्हता. ते पूर्वी रेल्वेत होते, सुरत लाइनवरच्या एका लहानशा स्टेशनात. बरीच वर्षं शिल्लक असताना नोकरी सोडली, घरी रेडिओ दुरुस्त करत बसले आणि नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या दुकानात आले. रेल्वे का सोडली असं विचारलं की ते उठून माठातलं पाणी प्यायचे. दोन-तीनदा त्यांना असं पाणी पाजल्यावर मी विचारणं सोडून दिलं.

त्या काळी मशीन सुरू होताना आधी हार्ड डिस्कची ओळख लागायची. डिस्क किती मोठी, तिचे भाग किती, आणि ते कुठल्या पद्धतीने मोजायचे, हे सेटअपमध्ये भरून ठेवावं लागे. मोजायच्या पद्धती तीन: नॉर्मल, लार्ज आणि एलबीए. ही माहिती एका रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर जगायची. बॅटरी संपली की मशीन सगळं विसरायचं. डिस्क एका पद्धतीने भरलेली आणि सेटअपमध्ये दुसरीच पद्धत टाकलेली, असं झालं की गल्लीतल्या घरांचे नंबर एका रात्रीत बदलल्यासारखं होई. पोस्टमन येणार, पण पत्रं भलत्याच दारात टाकणार. नुसतं वाचलं तर निभावून जायचं. चुकीच्या पद्धतीने काही लिहिलं मात्र, की आधीचं पुसलं गेलंच म्हणून समजा.

म्हणून नानांचा एक रिवाज होता. एकाने पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पेन्सिलीने लिहायचा, मग लिहिणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा. अशी सगळी चिठ्ठी झाली की ती मशीनच्या झाकणाला आतून डिंकाने चिकटवायची. पुढे कधीही त्या मशीनच्या सेटअपला हात लागला, की चिठ्ठीशी ताडून पाहायचं आणि खाली तारीख घालून सही करायची. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागे. गिऱ्हाइकं घड्याळ बघत, शेठ डोक्याला हात लावत, आणि मी नानांच्या पाठीमागे गार्डासारखी हिरवी झेंडी हलवायची नक्कल करत असे. नानांनी एकदा मला तसं करताना काचेत पाहिलं. रागावले नाहीत. "माले भेव लागस, म्हनीसन मी लिखस," एवढंच बोलले. भीती वाटते हे इतक्या सरळपणे सांगणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांची थोडी कीव आली.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरबाई पाड्यापाड्यांतून फिरून लोकांचं रक्त तपासत. त्या भागात रक्ताचा एक आजार घराण्यांतून उतरतो. मुलांचे सांधे ठणकतात, अंगात रक्त राहत नाही. कुठल्या घरात कोणाला तो आहे, कोणाला कुठलं औषध सोसत नाही, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं कार्डांवर लिहिलं होतं. कार्डांना वाळवी लागली, तेव्हा उरलेली आमच्या दुकानाने बसवून दिलेल्या सर्व्हरमध्ये घाईघाईने भरून घेतली. त्या सर्व्हरला दोन डिस्क होत्या. लहान डिस्कवर मशीन चालायचं आणि मोठीवर ही माणसं होती. फ्लॉपीवर उतरवलेली नक्कल होती, पण ती आदल्या पावसाळ्यातली.

एप्रिलमध्ये त्या सर्व्हरची बॅटरी संपली. नाना तापाने आजारी होते, म्हणून मी एकटी गेले. झाकण उघडलं, बॅटरी बदलली. नानांच्या अक्षरातली चिठ्ठी समोरच चिकटलेली होती. पण नव्या सोयीप्रमाणे मशीन स्वतःच डिस्क ओळखून आकडे सुचवत होतं आणि परतीची एसटी तीनची होती. मशीनला स्वतःचं कळत असताना पेन्सिलीची चिठ्ठी काय वाचायची, असं मनात म्हणत मी सुचवलेल्या ओळी स्वीकारत गेले. सर्व्हर सुरू झाला, पहिलं पान आलं, प्रिंटरवर एक कागद काढून पाहिला आणि मी एसटी पकडली. मोठ्या डिस्कवरचं एकही नाव उघडून पाहिलं नाही.

संध्याकाळी नाना मफलर गुंडाळून दुकानात आलेच होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "चिठ्ठीसंगे ताडी देखं ना?" मी बॅग आवरत होते. हो नाना, मी म्हणाले. इतकं सहज खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. दवाखान्यातले गुलाबभाऊ, तिथली नोंदणी तेच करायचे, घाबऱ्या आवाजात बोलत होते. यादीतल्या नावांच्या जागी चौकोन आणि फुल्या दिसतायत, आणि डिस्क दुरुस्त करू का असं मशीन विचारतंय. नानांनी पहिला प्रश्न केला, आज काही लिहिलं का? गुलाबभाऊंनी सकाळी एका नव्या पेशंटचं नाव भरलं होतं, त्यानंतर यादी उघडली होती. नानांनी त्यांना बजावलं: मशीन बंद करू नका, कशाला हो म्हणू नका, खुर्चीवर बसा आणि आम्ही येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली ठेवा. एरवी हे ऐकून मी तोंडाला रुमाल लावून हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण काय झालं असेल ते मला लख्ख कळलं होतं.

चोपड्यामार्गे एसटीने जाताना नाना सगळा वेळ हिशोब मांडत होते. सेटअप ताडून पाहिलेला आहे, म्हणजे तिथे चूक नाही. मग दोष डिस्कचाच; ती मरायला टेकली आहे. अशी डिस्क एकदा बंद केली तर पुन्हा फिरेलच असं नाही, म्हणून तिला बंद करायचं नाही. चालती आहे तोवर दुरुस्ती चालवायची आणि हाताला लागेल तेवढं वाचवायचं. त्यांचं सगळं बरोबर होतं. फक्त ज्या एका शब्दावर ते उभं होतं, तो शब्द माझा होता. सेटअप चुकीचा असताना ती दुरुस्ती चालवली असती, तर मशीनने धडधाकट नोंदींना बिघाड समजून एकेक पुसून टाकलं असतं. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत बसले. शिरपूर आलं की सांगू, असं ठरवलं. शिरपूर आलं. जीपमध्ये बसलो की सांगू, असं ठरवलं.

पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. चारला लोडशेडिंग होतं आणि यूपीएस दहा मिनिटांच्या वर तग धरत नसे. गुलाबभाऊ खरोखरच हात मांडीखाली घेऊन बसले होते. उठताना त्यांच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "नाना, माझी माणसं आहेत ना आत?" बाहेर ओसरीवर बायका लेकरांना घेऊन बसल्या होत्या.

नाना स्टुलावर बसले. सवयीप्रमाणे हात दाबून त्यांनी पडदा दोनदा वाचला. दुरुस्ती करायची का, हो की नाही, एवढाच प्रश्न तिथे होता. मग माझ्याकडे न बघता त्यांनी शेवटचं विचारलं, "ताडी देखेल शे ना माय?" माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि न बोलण्याचा अर्थ त्यांनी हो असाच घेतला. त्यांचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला. बोट कळीवर टेकायला चार बोटांचं अंतर उरलं होतं.

"नाना, थांबा. मी ताडून पाहिलं नाही. चिठ्ठी वाचलीच नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते मला दिसलं, पण मान वर करायची हिंमत झाली नाही. नानांनी हात हळूच मागे घेतला आणि पुन्हा मांडीखाली ठेवला. त्यांनी डोळे मिटले. आता मला हाकलतील, सगळ्यांसमोर बोलतील, असं वाटत होतं, आणि त्यांनी बोलावं असंही वाटत होतं. डोळे उघडून ते म्हणाले, "बंद कर. झाकण काढ. तू वाच, मी देखस."

मशीन पुन्हा लावून सेटअप उघडलं आणि मी चिठ्ठी वाचू लागले. आवाज कापत होता म्हणून त्यांनी पहिला आकडा तीनदा वाचून घेतला. मोठ्या डिस्कपुढे त्यांनी लार्ज असं लिहिलं होतं. पडद्यावर माझं एलबीए उभं होतं. त्यांनी ते मलाच बदलायला लावलं, मलाच परत वाचायला लावलं, आणि मग मशीन नव्याने सुरू करायला सांगितलं. पडदा काळा राहिला तेवढ्या वेळात मी कुलदेवतेला काय काय बोलले ते आज आठवत नाही. यादी उघडली. पहिलं नाव आलं, दुसरं आलं, मग भराभर येत गेली. डॉक्टरबाई मधलीच नावं विचारत होत्या आणि गुलाबभाऊ ती काढून दाखवत होते. बाई एकदम खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

एक घर मात्र गेलं होतं. गुलाबभाऊंनी सकाळी जे नाव भरलं, ते नेमकं त्या घराच्या नोंदीवर जाऊन बसलं होतं. योगायोग असा की त्या घरची बाई त्या दिवशी ओसरीवरच होती. डॉक्टरबाईंनी तिला आत घेऊन सगळं पहिल्यापासून विचारलं आणि तिच्या दोन्ही लेकरांची बोटं पुन्हा टोचली. धाकटी पोर किंचाळली. नानांनी मला बाहेर जाऊ दिलं नाही. जवळ उभं राहून नळ्यांवर नावं लिहायला लावलं. तिचं ते रडणं माझ्यामुळे होतं, हे तिच्या आईला माहीत नव्हतं.

निघण्यापूर्वी नानांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठीखाली मी "ताडून पाहिले" असं लिहिलं, सही केली, आणि तारखेशी अडखळले. कालची घातली असती तर चिठ्ठी बिनडागाची दिसली असती. बंद झाकणाच्या आत ती कोण वाचणार होतं? नाना माझ्या खांद्यावरून बघत होते. "आजनी तारीख टाक," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांनी न विचारता रेल्वेची गोष्ट सांगितली. पलीकडच्या स्टेशनाने लाइन मोकळी आहे का म्हणून विचारलं होतं, आणि रोजची सवय म्हणून यांनी जागेवरूनच हो म्हटलं. मालगाडीचे शेवटचे डबे अजून लाइनवर होते. त्या बाजूने येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते दिसले म्हणून त्याने गाडी रोखली. मध्ये एक बैलगाडी मावेल इतकंच अंतर राहिलं होतं. कोणी मेलं नाही, चौकशी झाली नाही, कोणाला कळलंही नाही. "मी खिडकीमाईन देखं नही," नाना म्हणाले. "रजिस्टरमा मात्र देखं अशे लिखं. ते आजून तठेच शे."

शेठला त्यांनी बॅटरी बदलल्यावर सेटअप चुकला होता, तो दुरुस्त केला, एवढंच सांगितलं. कोणाच्या हातून चुकला हे शेठने विचारलं, तेव्हा मीच माझं नाव सांगितलं. नाना माठाकडे गेले नाहीत. तिथेच बसून राहिले.

दोन वर्षांनी नाना गेले. सकाळी अंगणात रेडिओ उघडून बसले होते, तिथेच कलंडले. मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं आणि हात छातीवर ठेवले होते. इतक्या लोकांत ते उघडे हात बघून मला फार परकं वाटलं.

दवाखान्याने पुढे नवा सर्व्हर घेतला, तेव्हा जुना आमच्याच दुकानात भंगारात आला. झाकण काढलं तर चिठ्ठी जागच्या जागी होती. आकडे नानांच्या अक्षरात, खाली माझी सही. मी पाण्याने डिंक भिजवून ती अलगद सोडवली. आज ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुकानात नवीन लागलेली माणसं विचारतात, मॅडम, हे काय? मी त्यांना बॅटरी कोणत्या दिवशी बदलली होती ते सांगते आणि मग सहीखालची तारीख वाचायला लावते. ती एका दिवसाने उशिराची आहे.