माझी मारबत केली

करीच्या सकाळी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मला केस धरून घराबाहेर ओढलं. केस धरणारा माझा सख्खा भाऊ होता. दीपक.

करीला आमच्याकडे दारात लावलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटतात आणि गावाच्या शिवेवर फेकून येतात. रोगराई, खोकला, ढेकूण-मच्छर, सगळी पीडा गावाबाहेर काढायची. "घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत जायचं. मारबत म्हणजे ती सगळी पीडा घेऊन गावाबाहेर जाणारी. लहानपणी मीही घसा बसेपर्यंत ओरडले आहे. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या वर्षी मारबत मीच होते.

पाटलाच्या पोराने माझा ड्रेस गळ्यापासून फाडला. "पाहू द्या न गावाले, काय हाय खाली." पळसाच्या फांद्या सुतळीने अंगाला बांधल्या. तोंडाला ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फासलं. मग चिखलातून फरफटत शिवेपर्यंत. कोणी चप्पल मारली, कोणी ढेकूळ. दीपकने लाथ मारली तेव्हा एक दात पडला. माझा बाप पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. तो पारावर उभा होता, मान खाली घालून. शिवेवर मला नालीत ढकललं आणि सगळे हसत घरी गेले. सण होता ना!

माझा गुन्हा एवढाच. ज्याला गाव पोरगा समजत होतं, ती मी आदल्या दिवशी अमरावतीहून पंजाबी ड्रेस घालून एसटीतून उतरले होते.

ही हिंमत मंदा मॅडमची. अमरावतीत मी पोलीस भरतीचा क्लास लावला होता, तिथे त्या गणित शिकवायच्या. पहिल्या दिवशी साडी नेसून आल्या आणि जाड आवाजात म्हणाल्या, "मी तृतीयपंथी आहो. ज्याले हासाचं हाय त्यानं आताच हासून घ्या. पाच मिन्टं हायेत तुमच्याजवळ. मंग गुणोत्तर."

सगळ्यात मोठ्याने मी हसले. होय, मीच. शर्ट-पँट घालून, बाक बडवून. आपण पकडले जाऊ नये म्हणून माणूस किती नीच होतो, ते मी स्वतःवरून सांगते. मॅडमनी घड्याळ पाहिलं, खडू उचलला, शिकवायला लागल्या. तासाभराने तीच पोरं "मॅडम, मॅडम" करत शंका विचारत होती. मी खोलीवर जाऊन ओकले. दोन महिन्यांनी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मॅडम, मी पण." त्यांनी डबा उघडला. "बस. जेव."

त्या दिवशी नालीतून उठले तेव्हा मला त्याच आठवल्या. काळी-पिवळी जीपवाल्याने सीटवर गोणपाट टाकून बसवलं. ठाण्यात जमादार म्हणाला, "काबे, पोळ्याची मस्करी हाय ते. मोठे लोक हायेत. आपसात मिटव." मी त्याच्याच बाकावर बसून मॅडमना फोन लावला.

त्या कपडे घेऊन आल्या. माझं तोंड पुसता पुसता म्हणाल्या, "चाल अमरावतीले. मी बी अशीच पयाली होती तेल्हाऱ्याहून." पदर बाजूला करून त्यांनी मानेवरचा डाग दाखवला. "बापानं तापलेली सळई लावली. परत त्या गावात पाय नाही ठेवला. पण जिती राह्यली न!"

मला संताप आला. ज्या बाईला मी देव मानलं, तीच पळ म्हणते! "मॅडम, तुमी पयाल्या म्हून वाचल्या. पण माह्या गावात उद्या माह्यासारखी दुसरी निघाली त तिनं कोनाकडं पाहाचं?"

त्यांनी पदर परत मानेवर ओढला. मग खुर्ची ओढून जमादारासमोर बसल्या. "कागद घ्या."

तेवढ्यात आई आली. रडत नव्हती, घाबरलेली होती. "बाकीच्याइचे नावं टाक. दीपकचं नको टाकू. भाऊ हाय तुहा. सोयरीक जुळून राह्यली त्याची."

मी पहिलं नाव दीपकचं सांगितलं. दुसरं पाटलाच्या पोराचं. मग एकेक करत बाकीच्यांची.

त्यानंतर बापाची सालदारी गेली. दीपकची सोयरीक मोडली. माझ्यामुळे गावाची इज्जत गेली, असं पाटील म्हणत फिरतो. चोराच्या उलट्या बोंबा! आई माझ्याशी बोलत नाही. ताट मात्र सरकवते.

मी त्याच घरात राहते. मॅडम आता दर रविवारी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा गाव दारात उभं राहून बघत होतं. त्या मधल्या रस्त्याने चालत आल्या. रोज सकाळी मी भरतीसाठी धावते, भर गावातून, ओढणी कमरेला बांधून.

दीपक जामिनावर सुटून आला आहे. एकाच नळावर आम्ही पाणी भरतो. परवा म्हणाला, "मागं घे. हात जोडतो." त्याचे हात खरंच जोडलेले होते. लहानपणी सायकल त्यानेच शिकवली होती मला.

मी म्हटलं, "कोर्टात बोल."

साक्षीच्या दिवशी मी सगळं सांगणार आहे. कोणी फाडलं, कोणी बांधलं, लाथ कोणाची होती. बाप समोर बसलेला असेल, आई असेल. दीपकला शिक्षा झाली तर मी रडेन. पण एक शब्द मागे घेणार नाही.