पेडण्याच्या फ्रीजमधला हिवाळा

माझे बाबा डिचोलीजवळच्या एका खाणीवर खनिजाचे नमुने घेत. ढिगावर चढायचं, ठरलेल्या ठिकाणांहून फावडंभर माती काढायची, ती वाळवून, कुटून, चाळून प्रयोगशाळेत द्यायची, असं ते काम. सावंतवाडीकडच्या गावातून ते ऐन तारुण्यात त्यासाठी गोव्यात आले, पेडण्याच्या मुलीशी, म्हणजे माझ्या आईशी, लग्न झालं आणि इथलेच झाले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांसकट लाल असायचे.

माल जपानला जायचा. त्यामुळे हंगामात तिकडचे एक गृहस्थ तो तपासायला येत. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, डोक्यावर गवती हॅट. ते ढिगाजवळ बाबांच्या शेजारी तासन्‌तास उभे राहत. बाबांचं इंग्रजी कामापुरतं आणि त्यांचं त्याहूनही कमी, त्यामुळे बोलणं असं नव्हतंच. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काजूचं पान उचललं, वहीत त्याचं चित्र काढलं आणि बाबांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबा घरून फणसाचं आणि भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, पान घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी आपट्याचं. मग तो रोजचाच नेम झाला. आई म्हणायची, "डब्यात भाजी कमी आणि पालोच जास्त." काम संपून ते परत निघाले तेव्हा बाबांनी त्यांना भाजलेल्या काजूंची पिशवी दिली. बाबांना वाटलं, संपलं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या दीडेक वर्ष आधीची ही गोष्ट. मी तेव्हा म्हापशाच्या कॉलेजात विज्ञान शिकत होते. डिसेंबरात जपानहून एक जाड पाकीट आलं. आमच्या दारात पोचेपर्यंत पोस्टमननं ते अर्ध्या वाड्याला दाखवलं होतं. आत पातळ कागदात वीस बिया होत्या, प्रत्येकीला चतुराच्या पंखासारखा एक पंख. सोबत एक कागद, त्यावर शाईनं काढलेली तीन चित्रं. पहिल्यात मातीत एक बी आणि तिच्यावर सगळीकडे पांढरे गोल ठिपके. दुसऱ्यात ओळीनं तीन चंद्र. तिसऱ्यात इवलंसं रोप, आणि त्याचं पान म्हणजे तान्ह्या मुलाचा उघडा पंजा. खाली रोमन अक्षरांत एक शब्द होता, जपानी मेपलचं नाव, हे मला पुढं कळलं. मी तो वाचला, "मोमीजी."

"जी लावल्यानी म्हणजे कोणतरी मोठो आसतलो," आई म्हणाली.

बाबा ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये तांदूळ. बियो तांदळात ठेवूक सांगतत." त्यांनी दहा बिया तांदळाच्या डब्यात पुरल्या. चार दिवसांनी आईनं भातासाठी तांदूळ धुतले तर पातेल्यात पंख तरंगले. तिनं ते ताटलीत काढून बाबांसमोर ठेवले. मग बाबांनी चार बिया अंगणात मातीत लावल्या. त्या मुंग्यांनी नेल्या.

सहा उरल्या. एका रविवारी मी तो कागद परत काढून बसले, तेव्हा पहिल्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात मला एक झाड दिसलं. एकही पान नसलेलं. ठिपके त्याच्या फांद्यांवरही होते.

"बाबा, हे तांदूळ नाहीत," मी म्हणाले. "हा बर्फ आहे. बी तीन महिने बर्फाखाली राहिली पाहिजे, मगच ती जागी होते."

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. डिसेंबर असूनही भरदुपारी कुत्रं जीभ बाहेर काढून सावलीत पडलं होतं. "बर्फ," ते म्हणाले. "आता तो खंयसून हाडायचो?"

आमच्याकडे फ्रीज नव्हता. वाड्यावर कुणाकडेच नव्हता. पण माझ्या मामाचं पेडण्याला बसस्टँडजवळ थंड पेयांचं दुकान होतं आणि तिथं काचेच्या दाराचा एक मोठा फ्रीज होता. आई भावाचं नाव तिथल्या तिथं बोलली आणि लगेच पस्तावली, कारण पुढच्याच रविवारी बाबांनी बिया ओल्या वाळूत घालून बिस्किटांच्या डब्यात भरल्या आणि आम्ही तिघं पेडण्याच्या बसमध्ये बसलो.

मामानं डबा उघडून पाहिला, परत बंद केला. "माझो फ्रीज सोड्याचो आसा," तो म्हणाला, "रेतीचो नाय."

"तीन म्हयन्यांचो तर प्रश्न," बाबा म्हणाले.

मामानं लिंबाच्या बाटल्या सरकवून मागं जागा केली. "पण आयचो डबो म्हणान ठेवतंय," तो म्हणाला. "कोणी इचारला तर तिचा औषध म्हणान सांगान."

मी रोज कॉलेजला जायची ती म्हापशाच्या स्टँडवरून. पेडण्याच्या गाडीचा कंडक्टर मामाच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून निरोप यायचे. एप्रिल लागता लागता एका सकाळी त्यानं मला गर्दीतून हाक मारली. "तुज्या मामान सांगलांहा, औषधाक मूळ फुटलां."

सहापैकी चार बिया फुटल्या होत्या. बाबा त्या दिवशी खाणीवरून तसेच, आंघोळ न करता, पेडण्याला गेले आणि डबा मांडीवर धरून शेवटच्या बसनं परतले. करवंट्यांत लावलेली ती चार रोपं आठवडाभरात दोन-दोन पानांची झाली. खरोखरच ते पंजे होते, पाच बोटांचे, नखं तेवढी नव्हती. आई येता जाता त्यांच्यापाशी थांबायची. "मोमीजी, पाणी व्हया?" असं विचारायची. 'जी'मुळे तिला एकेरी हाक मारवत नसे.

मग उन्हाळा तापला आणि आम्हाला कळलं, आपण काय घरात आणलंय ते. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आम्ही पाणी वाढवलं तर एक रोप मुळाशी कुजलं, कमी केलं तर दुसरं वाळलं. शिवाय रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, त्यांची लाल धूळ पानांवर बसायची. बाबांनी मग आपलं खाणीवरचं डोकं चालवलं. प्रयोगशाळेनं टाकून दिलेल्या दोन चाळण्या त्यांनी मागून आणल्या. जुनी कौलं कुटून त्या चाळण्यांतून चाळली. पीठ फेकलं, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवले. त्यात नार्व्याच्या नदीकाठची जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेण. कुंडी घराच्या पूर्वेला, चिऱ्यांवर उंच, सकाळचं दोन तास ऊन आणि पुढं विणलेल्या झावळ्यांची सावली. रोज संध्याकाळी स्वतःची आंघोळ व्हायच्या आधी ते चुलीच्या फुंकणीतून पानांवर पाण्याचा फवारा मारून त्यांची धूळ उतरवायचे.

"आधी स्वतःचा तोंड तरी धुवा," आई म्हणायची.

"माझा काय, माका सवय आसा," बाबा म्हणायचे.

पावसाळ्यात तिसरं रोप गेलं. एक उरलं. ते मात्र चिवट निघालं. कौलाच्या तुकड्यांतून पाणी झरझर निघून जायचं आणि ते दर पंधरवड्यानं एक नवी जोडी काढायचं. दसऱ्यापर्यंत ते दीड वीत झालं.

पण डिसेंबरात ते नुसतं उभं राहिलं. ना नवी पानं, ना जुनी गळणं. जुनी पानं जाड, मळकी झाली, कुणी आठवडाभर जागं असावं तशी. बाबा रोज त्याच्यासमोर बसायचे. एका रात्री जेवताना म्हणाले, "ह्या झाडाक झोप व्हयी. थंडी नाय म्हणान डोळो लागणा नाय."

आईला लगेच कळलं ते कुठं जाणार आहेत. "माझो भाव आता दार बंद करतलो," ती म्हणाली.

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत दोन तट पडले होते, रस्ते अडवले जात, गाड्या कधी सुटतील याचा नेम नसे. बाबा आणि मी निघालो त्या रविवारी म्हापशाहून निघालेली बस कोलवाळला थांबली आणि पुढं जाणार नाही म्हणाली. बाबांनी कुंडी कापडी पिशवीत छातीशी धरली आणि चालायला लागले. पूल ओलांडल्यावर रस्त्यावर दगड मांडून दहा-बारा माणसं उभी होती. ती कुठल्या बाजूची होती ते आम्ही विचारलं नाही.

"पिशवीत काय?" एकानं विचारलं.

बाबांनी पिशवी खाली सरकवून दाखवलं. "जपानी झाड आसा. झोपाक पेडण्याक व्हरतंव."

"पेडण्याक थंडी आसा?"

"माझ्या मेवण्याच्या फ्रीजात आसा."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आधी एक हसला, मग सगळेच. मागचा एक तरुण स्कूटर घेऊन पुढं आला. त्याच्या मागं बाबा, बाबांच्या मागं मी आणि बाबा व तो यांच्या मध्ये कुंडी, असे आम्ही पेडण्याला पोचलो. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. "परत वचपाचें आसा," म्हणाला आणि दगडांकडे गेला.

मामानं दार बंद केलं नाही. कपाळावर हात मारला, एवढंच. खालच्या कप्प्यातल्या बाटल्या काढून त्यानं कुंडी आत ठेवली. या वेळी डबा नव्हता, काचेचं दार होतं, आणि जो तो येऊन विचारायचा. पहिले आठ दिवस मामानं औषधच सांगितलं. नंतर पानं गळली आणि नुसती काडी उरली, तेव्हा ते खपेना. मग त्यानं खरं सांगायला सुरुवात केली, आणि त्याला त्यात गोडी लागली. झाड झोपलंय, मार्चमध्ये उठेल, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. काही लोक तर फक्त काडी बघायला यायचे आणि लाजेनं एक सोडा पिऊन जायचे. त्या दुकानात तोवर दोन बाजूंचे लोक दोन वेगळ्या वेळी येत. आता ते एकाच वेळी फ्रीजसमोर वाकलेले दिसायचे. मामा सांगायचा, "एक म्हणता मेलां, दुसरो म्हणता न्हिदलां. पैल्यांदाच भाशेविशीं भांडणत नायत."

वीज गेली की तो गोणपाट भिजवून फ्रीजवर टाकायचा. आईला हे कंडक्टरकडून कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लग्नात इतको धावलो नाय तो."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ते घरी आणलं. आठ दिवस काहीच नाही. बाबा अगदी शांत होते, पण दाढी करायचं विसरत होते. नवव्या दिवशी सकाळी आईची हाक आली. काडीच्या टोकाला दोन लाल ठिणग्या होत्या. दुपारपर्यंत त्या उघडायला लागल्या. पानं हिरवी नव्हती, लालभडक होती, ओली, दुमडलेली, आणि एकेक बोट सुटं होत होतं. मी कॉलेज बुडवलं. बाबा जेवणाच्या सुट्टीत खाणीवरून सायकल मारत आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि परत गेले. सोप्यावर बसून आई आणि मी दिवसभर ते उघडणं बघत होतो. शेजारणी येऊन जात होत्या. संध्याकाळी मामा स्वतः आला, दुकान बंद करून.

त्याच हंगामाच्या शेवटी ते जपानी गृहस्थ परत आले. बाबांनी त्यांना ढिगावरून थेट घरी आणलं. ते दारात चपला काढून आत आले, आईला वाकून नमस्कार केला, आणि मग त्यांना कुंडी दिसली. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. करपलेल्या कडांवरून त्यांनी बोट फिरवलं. मी वहीत चित्र काढून त्यांना सगळं सांगितलं: डबा, सोड्याच्या बाटल्या, फ्रीज, काडी. फ्रीजच्या चित्रावर ते थांबले. पहिल्यांदा त्यांना वाटलं माझी काहीतरी चूक होतेय. बाबांनी हातानं दार उघडून कुंडी आत ठेवल्याचं करून दाखवलं, वर गार लागल्यासारखे कुडकुडले. तेव्हा ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि रुमालानं डोळे पुसत बाबांचा हात धरून बसले.

मग त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि झाडाचा शेंडा सरळ कापून टाकला.

आई उभीच राहिली. "ह्या काय केल्यानी," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. तिनं त्यांना जेवण वाढलं, पण सोलकढीचा दुसरा पेला विचारला नाही. बाबा मात्र कापलेल्या जागेकडे बघत होते. त्या गृहस्थांनी दोन बोटं वर करून दाखवली.

तीन आठवड्यांनी गोवा राज्य झालं. खाणीवर पेढे वाटले, शाळेतल्या मुलांनी फेरी काढली, आणि बाबा घरी आले ते थेट कुंडीकडे गेले. कापलेल्या जागेखालून दोन फांद्या फुटल्या होत्या, दोन्हींना लाल पानं. आईनं त्या दोनदा मोजल्या. "पेलो दुसरो दिवंक व्हयो होतो," ती म्हणाली.

त्यानंतर बाबांच्या हातात कात्री आली. जास्वंद कापली, कडीपत्ता कापला, शेजारच्यांची मेंदी न विचारता कापली. सगळं दुप्पट फुटलं, त्यामुळे कुणाला रागावताही आलं नाही.

ते झाड सहा हिवाळे पेडण्याला जाऊन आलं. कमरेपर्यंत कधी वाढलं नाही. सातव्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला आणि ते मुळातून गेलं. बाबांनी कुंडी उलटी करून मुळं पाहिली आणि कौलाचे तुकडे धुऊन वेगळे ठेवले. पुढच्या शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजारातून आले तेव्हा त्यांच्या हातात तीन सफरचंदं होती. आम्ही ती खाल्ली. बाबांनी आमच्या ताटांतल्या बिया गोळा केल्या, धुतल्या आणि वाटीत पाण्यात भिजत घातल्या.

"ह्यां कित्याक?" आईनं विचारलं.

"बघूया," बाबा म्हणाले, आणि वाटीवर झाकण ठेवून बिस्किटांचा तो जुना डबा शोधायला लागले.