वावर पाहून येतो

आमच्या घरची सगळ्यात सुपीक जमीन कोणती असं कोणी विचारलं, तर मी मोरीमागची दाखवीन. तसं आठ एकर वावर आहे, त्यात सोयाबीन होतं, तूर होते, पण सगळं पावसाच्या मर्जीवर. मोरीमागे मात्र घरादाराच्या आंघोळीचं पाणी बारा महिने मुरतं. तिथे दोन केळी उभ्या आहेत, आणि त्यांच्या बुडाशी खुरपं घातलं की गांडुळं निघतात. लाल, जाड आणि अंगात मस्ती असलेली. गळाला कणकेची गोळी लावणारेही लोक आहेत. त्यांना मासे मिळत नाहीत, हवा खायला मिळते. शिंगाडा माशाला जिवंत गांडूळच लागतं. पायजम्यात नाडी ओवतात तसं ते गळावर ओवायचं आणि शेवटी थोडं शेपूट मोकळं, वळवळतं ठेवायचं.

या विद्येला लग्नाच्या बाजारात काडीची किंमत नाही. मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो. किन्हीराजाच्या आसपास माझ्यासारखे खंडीभर होते. मुलीच्या बापाला जावई नोकरीवाला पाहिजे आणि त्याच्या नावावर वावरही पाहिजे, पण त्याने त्या वावरात पाय ठेवता कामा नये. माझं सगळं उलटं होतं. आलेली स्थळं आमच्याकडचा चहा पिऊन जायची आणि नंतर मध्यस्थ फोन उचलायचा नाही.

अशात कामरगावकडचं एक स्थळ आलं. आम्ही मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, आणि आता मुलाला काही विचारायचं असेल तर विचार, असं तिच्या मामाने मला म्हटलं. मी विचार करत होतो तेवढ्यात तिनेच मला विचारलं.

"दिवसभर काय करता तुमी?"

"शेती."

"अन शेतीचं काम नसते तवा?"

मी आईकडे पाहिलं. मुलीच्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती आईने आल्या आल्या हेरली होती. "देवळात जाऊन बसते," आई म्हणाली. "हरिपाठाचा लय नाद हाये त्याले." मुलीने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत मोरीमागची माती होती. तिला हसू आलं आणि तिने ते पदराआड नेलं. ते हसू मला फार आवडलं. परतीच्या एसटीत मी आईला म्हणालो की हीच पाहिजे. आई म्हणाली, तुझ्या पाहिजे म्हणण्याने काय होते, त्यायले तू पाहिजे का ते पाहा.

मग ते लोक आमचं घर पाहायला येणार असं ठरलं. आई कामाला लागली. बांबूच्या काठ्या गोठ्याच्या आढ्यावर गेल्या, तंगूसाची दोरी आणि गळ धान्याच्या कोठीमागे गेले. झाकणाला भोकं पाडलेला गांडुळांचा डबा कुठे ठेवावा हे तिला सुचेना, शेवटी तो देव्हाऱ्याखाली सरकवला, कारण पाहुणे तिथे हात घालत नाहीत. "मासे धराले गय टाकते म्हनलं का संपलं," ती म्हणाली. "लोकं म्हनतीन, रिकामा हाये पोट्टा." रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण तिने मला उद्देशून इतक्या वेळा वापरली आहे, की मला त्या न्हाव्याबद्दल आपुलकी वाटायला लागली आहे.

पाहुणे आले. मुलीचे आईवडील, मामा आणि मध्यस्थ. मुलीचे वडील पाय धुवायला मोरीकडे गेले, मी तांब्या घेऊन मागे. ते काही परत फिरेनात. केळीच्या बुडाशी उकरलेल्या मातीकडे पाहत राहिले आणि मग टाचेने ती दाबून पाहिली.

"इथं चांगलेच निंघत असतीन," ते म्हणाले.

"काय?"

"काय म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "पानी कुठी हाये?"

मी टेकडीकडे बोट केलं. तिच्यापलीकडे आमचा तलाव आहे. त्यांनी पाय पुसले, बैठकीत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पोराबरोबर वावर पाहून येतो."

मुलाचं वावर पाहणे हा आमच्याकडचा रिवाजच आहे. विहिरीला पाणी किती, बांध कोणाशी, रस्ता आहे की नाही, हे पाहून माणूस अर्ध्या तासात परत येतो. आईचा चेहरा फुलला. मी गोठ्यातून दोन काठ्या काढल्या, खिडकीतून हात घालून देव्हाऱ्याखालचा डबा ओढला, आणि आम्ही वावराच्या उलट दिशेला लागलो.

तलावावर बसल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, तुमची तर माळ हाये."

"माळ न खान्याची घातली," ते म्हणाले. "न पकडन्याची नाई घातली." मग त्यांनी डब्यातून एक गांडूळ उचललं, नखाने मधोमध तोडलं आणि न पाहता गळावर ओवलं. मी बरेच लोक पाहिले आहेत, पण इतक्या निर्मळ चेहऱ्याने गांडूळ तोडणारा माळकरी पाहिला नव्हता. जे लागेल ते म्हशी राखणाऱ्या म्हाताऱ्याला द्यायचं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. म्हातारा जवळ येऊन बसला. तोही सोयरीक करायला आल्यासारखा खूश होता.

शिंगाडा लागला की त्याचे काटे चुकवून तो गळावरून कसा सोडवायचा, यावर आमचं थोडं भांडण झालं. मासा हाताशी आला की भांडण तिथेच थांबायचं. कधीतरी माझ्या तोंडून "मामाजी, तुमचा बुडाला" असं निघून गेलं. दोरीला बांधलेला, तरंगणारा स्लिपरचा तुकडा पाण्याखाली गेला होता, एवढंच मला सांगायचं होतं. पण मामाजी म्हणजे सासरा. माझी जीभ माझ्याआधी लग्न करून मोकळी झाली होती. त्यांनी मासा ओढला आणि नुसते मान हलवून हसले. माझ्या मते तिथेच सोयरीक ठरून कुंकू लागलं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. मामा पेंगत होता, मध्यस्थाने दुसऱ्यांदा जेवून घेतलं होतं. इतका वेळ आठ एकर पाहणारा माणूस म्हणजे होकारच, असं आई स्वयंपाकघरात चुलतीला सांगत होती.

"कसं हाये वावर?" मामाने विचारलं.

"एक नंबर," मुलीचे वडील म्हणाले. वावराचा त्यांनी धुरा, म्हणजे बांधही पाहिला नव्हता. सुपारी घ्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा त्यांच्या बायकोचं नाक किंचित वर झालं. ती हाताकडे पाहत राहिली, मग माझ्या हाताकडे, आणि मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी इतका हवेत होतो, की ते नाक मला दिसलं पण कळलं नाही.

पुढचे दिवस मी आतून नाचत होतो. मोबाईल वाजला की पहिल्या घंटीलाच उचलायचो. एकदा तर गॅस सिलिंडरवाल्याला मी "नमस्कार, बोला" असं म्हणालो. शेवटी मध्यस्थाचा फोन आला, तोही स्वतःहून, म्हणजे चांगली बातमी असणार. मी तो स्पीकरवर टाकून आईच्या हातात दिला.

"बापाचं तर हो हाये," तो म्हणाला. "तुमच्या पोराची तारीफ करून करून त्यायनं घर डोक्यावर घेतलं. मासा कसा ओढते, गांडूय कसं लावते, सगळं सांगतलं."

"मंग?" आईने विचारलं.

"मंग पोरगी म्हने, घरात एक गय टाकनारा हायेच. मायनं त्याच्यापायी सगळे रविवार एकटीनं काढले. मी नाई काढत."

आईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने ती न्हाव्याची म्हण ऐकवली होती, त्या दिवशी नाही ऐकवली. त्यामुळे मला जास्तच लागलं. मी मोरीमागे जाऊन केळीपाशी उभा राहिलो. मला रडायला आलं, आणि राग आला तो त्या माणसाचा. लोक निंदा करून लग्न मोडतात. याने स्तुती करून मोडलं.

नंतरच्या एका रविवारी मी तलावावर बसलो होतो, तर बांधावरून मुलीचे वडीलच उतरताना दिसले. स्वतःची काठी घेऊन, कारंजाला गाडी बदलून आले होते. माझ्यापासून थोडं दूर बसले. काठीची दोरी सोडायला लागले.

"तिचं बरोबर हाये," ते म्हणाले.

"हाव, काका," मी म्हणालो. काका हा शब्द मी जरा दाबूनच म्हटला.

"हुशार हाये पोरगी."

"तुमच्यावर नाई गेली."

"नाई," त्यांनी कबूल केलं. "मायवर गेली." मग पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून उघडून दाखवला. त्यांच्याकडची गांडुळं बारीक, मरतुकडी होती. ती पाहून मला त्यांची दया आली आणि मी माझा डबा मध्ये ठेवला. माझ्या स्वाभिमानाची किंमत एवढीच निघाली.

तेव्हापासून ते येत राहिले. तिचं लग्न पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाशी ठरलं, त्याची पत्रिका त्यांनी मला तलावावरच दिली. पत्रिकेच्या एका कोपऱ्याला ओल्या मातीचं बोट लागलेलं होतं. मी लग्नाला गेलो. आई म्हणाली, लाज आहे का. मी म्हणालो, लाज नाही पण जेवण आहे. मठ्ठा उत्तम होता. तिने मला गर्दीत पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं, आणि मी मठ्ठा पुन्हा मागून घेतला.

मग काकांचा एक डोळा गेला, दुसराही मंद झाला. त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं ते ओवण्यावरून. गळ बोटात रुतायला लागला, गांडूळ खाली पडायला लागलं. मी काही न बोलता त्यांचा गळ ओवून द्यायला लागलो. तुकडा बुडाला की मी "ओढा" म्हणायचो, ते ओढायचे, आणि मासा आपणच पाहिला असं म्हशीवाल्याला सांगायचे.

यंदा दिवाळीनंतर आम्ही असेच बसलो होतो. बांधावर पांढरी गाडी येऊन थांबली. त्यांची मुलगी दिवाळीला माहेरी आली होती. नवरा आतच बसून राहिला, काच वर करून. ती एकटी खाली उतरत आली. ते थोडं पुढे, पाण्याच्या कडेला होते, त्यांना ती दिसली नाही. माझ्या हातात त्यांचा गळ होता आणि त्यावर अर्धं ओवलेलं गांडूळ. ती ते पाहत उभी राहिली.

"कवापासून?" तिने हळूच विचारलं.

"उन्हायापासून."

"घरी कोनाले नाई सांगतलं त्यायनं. मायले बी नाई." तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं. "तवा तुमी सांगतलं असतं, का मी गय टाकतो, तरी मी नाईच म्हनलं असतं."

"माहीत हाये."

"पोह्याचा खर्च वाचला असता फकत." तिला तेच हसू आलं, यावेळी तिने ते लपवलं नाही, आणि मला ते आजही तितकंच आवडलं हे सांगायला हरकत नाही. मग हसू गेलं. "त्यायले एकट्याले पान्यात उतरू देऊ नोका," ती म्हणाली. "मी तिकडं दूर असते. तुमी हाये इथं."

"हाव."

ती चढण चढून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

"कोन होतं?" त्यांनी पाण्याकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"तुमची पोरगी."

"काय म्हने?"

"तुमाले पान्यात उतरू देऊ नोका म्हने."

"उतरनं तर पडन," ते म्हणाले. "गय अटकला."

खरंच अडकला होता. बाभळीची एक फांदी तळाशी बुडालेली आहे, तिथे त्यांचा दर वेळी अडकतो, कारण दिसत नसूनही त्यांना तिथेच टाकायचा असतो. ते चपला काढायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि पँट गुडघ्याच्या वर दुमडली.

"मामाजी, दोरी ढिली सोडा," मी म्हणालो, आणि पाण्यात उतरलो.